हाताला कळणारा लोभसपणा

एखादा व्हिडिओ गेम गोड आहे असे कुणी म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी चित्र येते: मोठ्या डोळ्यांचा गुबगुबीत प्राणी, फिकट रंगांचे आभाळ, मागे मंद वाजणारी धून. गेमच्या जाहिराती ही समजूत पक्की करतात, कारण जाहिरातीत चित्र दाखवता येते, पाहणाऱ्याच्या हातात बटण देता येत नाही. माझे म्हणणे असे की गेममधला लोभसपणा मुळात चित्रातून येत नाही. आपण काहीतरी करतो, गेम त्याला उत्तर देतो, आणि त्या उत्तरांतून हळूहळू एक स्वभाव दिसू लागतो. जीव जडतो तो त्या स्वभावावर. चित्र त्याला चेहरा देते, हे खरे. पण आधी चेहरा काढून ठेवला म्हणून मागून स्वभाव येईलच असे नाही. हा फरक फक्त शौकिनांच्या वादापुरता नाही. लहान मुलांच्या हाती पडणाऱ्या असंख्य गेमपैकी कोणता प्रेमाने घडवला आहे आणि कोणता नुसता गोंडस मुखवटा लावून बसला आहे, हे पारखायचे झाले तरी याच फरकापाशी यावे लागते.

सर्वांत सरळ पुरावा कर्बीचा आहे. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी मासाहिरो साकुराई या तरुण रचनाकाराने ‘कर्बीज ड्रीम लँड’ घडवला. तो 1992 साली बाजारात आला. काम सुरू असताना नायकाचे रूप ठरलेले नव्हते, म्हणून चाचणीपुरता एक साधा गोळा पडद्यावर ठेवला होता. पुढे त्याच्या जागी नीट काढलेले पात्र यायचे होते. पण तो गोळा तोंडाने हवा ओढतो, शत्रूला गिळून पुन्हा बाहेर फेकतो, अंग फुगवून तरंगतो, हे सगळे इतके जमून आले की तात्पुरता गोळाच कायमचा नायक झाला. हा गेम नवख्यांसाठी होता. खड्डा आला आणि उडी चुकली, तर गाल फुगवून वरून तरंगत जाता येते. फुगण्याची ती क्रिया आणि चुकणाऱ्याला दिलेली सवलत एकच आहे. कर्बी गोल आहे म्हणून तो आवडतो असे म्हणण्यापेक्षा, तो फुगतो म्हणून त्याचे गोल असणे शोभते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

याहून टोकाचे उदाहरण 1999 सालचे आहे. मासाया मात्सुउरा यांचा ‘विब रिबन’ हा प्लेस्टेशनवरचा गेम पाहिला तर त्यात चित्र म्हणावे असे फारसे काही नाही. काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ आणि त्या रेघेवरून चालणारी, रेघांचीच बनलेली विब्री नावाची सशीण. गाणे वाजते तशी रेघ कुठे ठोकळा होते, कुठे खड्डा, कुठे वेटोळे, कुठे लाट. त्या त्या वेळी योग्य बटण दाबायचे. चुका होत गेल्या की विब्रीच्या रेघा थरथरू लागतात, सशिणीचा बेडूक होतो, बेडकाचा किडा होतो. पुन्हा ठेका जमला की ती मूळ रूपात येते. गंमत अशी की गेम पूर्णपणे यंत्राच्या स्मृतीत चढतो, त्यामुळे त्याची तबकडी काढून आपल्या घरातली कोणतीही गाण्याची सीडी घालता येते आणि त्या गाण्यातून नवा रस्ता तयार होतो. अंगावर रंग नाही, छाया नाही, तरी ती सशीण जिवंत वाटते. आपला ठेका चुकल्याचे दुःख तिच्या अंगावर दिसते, यापलीकडे त्याचे कारण शोधावे लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, की मग नुसत्या हाताच्या कामानेच लोभसपणा येतो का? तसेही नाही, आणि ‘टेट्रिस’वरून ते कळते. 1984 साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो प्रथम लिहिला तेव्हा त्यांच्यापुढच्या इलेक्ट्रॉनिका 60 या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. वरून पडणारे तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवले जात. तरीही माणसे त्याला खिळून बसली. आपल्याकडे नोकियाच्या फोनवरच्या सापानेही अनेकांना असेच खिळवले. तिथेही चित्र म्हणजे काळ्या ठोकळ्यांची रांग एवढेच. पण टेट्रिसला कुणी लोभस म्हणणार नाही. तो पकडून ठेवतो, विचार करायला लावतो, हरल्यावर पुन्हा बसवतो. वरून येणारा तुकडा मात्र आपल्याला ओळखत नाही. आपण घाबरलो काय की धीट झालो काय, त्याला फरक पडत नाही. ओढ आणि लोभ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ओढ लागायला कोडे पुरते. लोभासाठी समोर कुणीतरी आहे असे वाटावे लागते.

हे ‘कुणीतरी’ किती थोडक्या सामग्रीतून उभे करता येते, ते ‘पॅकमॅन’च्या भुतांमध्ये दिसते. नाम्को या जपानी कंपनीत तोरु इवातानी यांनी 1980 साली हा गेम केला. तेव्हाच्या आर्केडमध्ये अंतराळातल्या गोळीबाराचे गेम भरलेले होते आणि तिथे पुरुषांचाच राबता असे. मुलींना आणि जोडप्यांनाही तिथे यावेसे वाटावे, असा इवातानी यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी मारण्याऐवजी खाणे हा विषय घेतला. पण खरे कौशल्य आहे ते पॅकमॅनच्या मागे लागणाऱ्या चार भुतांच्या वागण्यात. भुलभुलैया चौकोनी घरांमध्ये विभागलेला आहे. प्रत्येक वळणावर प्रत्येक भूत आपल्या लक्ष्याच्या सर्वांत जवळचे घर निवडते आणि सहसा मागे फिरत नाही. नियम सगळ्यांना सारखाच. वेगळे आहे ते प्रत्येकाचे लक्ष्य. लाल भूत थेट पॅकमॅन जिथे आहे ते घर धरते. गुलाबी भूत तो ज्या दिशेला तोंड करून आहे तिथून चार घरे पुढचे ठिकाण गाठू पाहते, म्हणजे पाठलाग न करता वाट अडवते. निळसर भुताचे लक्ष्य लाल भुताची जागा आणि पॅकमॅनची दिशा या दोन्हींवरून ठरते, त्यामुळे त्याचा अंदाज लागणे सर्वांत कठीण. नारिंगी भूत दूर असते तेव्हा अंगावर येते, पण आठ घरांच्या आत पोचले की आपल्या कोपऱ्याकडे वळते.

हे सगळे मिळून हिशोबाच्या चार ओळी. पण खेळणाऱ्याला हिशोब दिसत नाही. त्याला एक हट्टी, एक कावेबाज, एक लहरी आणि एक भित्रे भूत दिसते. जपानी आवृत्तीत त्यांची नावेही स्वभावांवरूनच ठेवलेली होती. आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. ही भुते सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलला ती सात सेकंद आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, मग वीस सेकंद मागे लागतात, मग पुन्हा पांगतात. सतत घेरले गेल्याने खेळणारा वैतागेल, त्याला श्वास घ्यायला जागा हवी, हे इवातानी यांनी ओळखले होते. शत्रूच्या वागण्यात खेळणाऱ्याची ही काळजी विणलेली आहे आणि ती कुठेही लिहून सांगितलेली नाही. भुतांच्या डोळ्यांची बुबुळे ती कुठे निघाली आहेत ते दाखवतात. चित्राने इथे एवढेच केले आहे आणि ते अगदी पुरेसे आहे.

खेळणाऱ्याची अशी काळजी घेणे म्हणजे गेमचा शिष्टाचार. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने 1985 साली तो इतका नेमका पाळला की आजही रचनाकार त्याच्या पहिल्या लेव्हलचा अभ्यास करतात. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा हा गेम जेमतेम 40 किलोबाइटमध्ये बसवलेला होता. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडपे एकाच आकृतीची, फक्त रंग वेगळे. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही टीव्हीला जोडायचे स्वस्त यंत्र आणि त्याची ‘कॅसेट’ यांमधून मारिओ असंख्य घरांत पोचला, बहुतेक वेळा माहितीपुस्तिकेशिवाय. आणि तरी कुणाचे अडले नाही. सुरुवातीलाच उजवीकडून एक शत्रू चालत येतो. न हलणारा खेळणारा हरतो आणि उडी मारायची असते हे शिकतो. पुढे ठोकळ्यातून निघालेले मशरूम नळाला आपटून परत आपल्याकडे येते. वर ठोकळ्यांचे छत असल्यामुळे घाबरून उडी मारली तरी ते बहुधा अंगाला लागतेच, आणि मारिओ मोठा होतो. मग कळते की ही वस्तू आपल्या भल्याची होती. उडीचेही तसेच. बटण जितका वेळ दाबाल तितकी ती उंच, आणि हवेत असतानाही दिशा थोडी बदलता येते. खऱ्या जगात हे अशक्य आहे. पण माणसाच्या मनात उडी मारताना जी इच्छा असते, तिच्याशी ते तंतोतंत जुळते. मारिओच्या मिशा प्रसिद्ध आहेत, पण त्या आल्या अडचणीतून: 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा इतक्या थोड्या पिक्सेलमध्ये तोंड दाखवणे जमत नव्हते, म्हणून नाकाखाली मिशी आणि केसांच्या जागी टोपी.

या विचाराची सर्वांत आनंदी परिणती म्हणून मी ‘कातामारी दामासी’कडे बोट दाखवेन. केइता ताकाहाशी हे मुळात शिल्पकलेचे विद्यार्थी. नाम्कोसाठी त्यांनी 2004 साली प्लेस्टेशन 2 वर हा गेम आणला. विश्वाच्या राजाने नशेत आकाशातले सगळे तारे उधळून टाकले आहेत आणि ते पुन्हा बनवण्याचे काम त्याच्या पाच सेंटिमीटर उंचीच्या राजपुत्रावर आले आहे. राजपुत्राने एक चिकट गोळा ढकलत न्यायचा. गोळ्याहून लहान असेल ते त्याला चिकटते. पहिला तारा दहा सेंटिमीटरचा, त्यासाठी टाचण्या, खोडरबर, मिठाईचे तुकडे गोळा करायचे. शेवटी चंद्र बनवायचा असतो तो तीनशे मीटरचा, तेव्हा माणसे, गाड्या, इमारती सगळे गोळ्यावर येते. कंट्रोलरवरची डावी आणि उजवी दोन्ही दांडकी एकदम पुढे ढकलावी लागतात, जणू दोन्ही हातांनी गोळा लोटतो आहोत. सुरुवातीला ज्या मांजराच्या धडकेने गोळ्यावरच्या वस्तू निखळून पडत, तेच मांजर थोड्या वेळाने म्याव करत गोळ्याला चिकटते. मोठे होण्याचे हे सुख आकड्यांच्या तक्त्यातून दिले असते तर कुणाला आठवलेही नसते. इथे ते हाताच्या लोटण्यातून, गोळ्याच्या वाढत्या जडपणातून मिळते. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने 2012 साली आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा गेम निवडले. त्यांत कातामारी होता, पॅकमॅन, टेट्रिस आणि विब रिबनही होते. संग्रहालयाने ते रचनेचे, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातल्या व्यवहाराचे नमुने म्हणून घेतले. चित्र हाच निकष असता तर या यादीत कंसांतून जन्मलेला टेट्रिस बसला नसता.

आता पहिला मोठा आक्षेप. चित्र आणि संगीत काढून टाकले, सगळे करड्या ठोकळ्यांमध्ये केले, तर हे गेम इतके आवडतील का? प्रामाणिक उत्तर असे की सगळे नाही आवडणार. पण मग चित्र-संगीत कुठे बसवले आहे ते नीट पाहावे लागते, आणि त्यासाठी 2019 चा ‘अनटायटल्ड गूस गेम’ उपयोगी पडतो. मेलबर्नच्या चौघांच्या ‘हाउस हाउस’ या छोट्या चमूने तो केला. एका टापटीप इंग्रजी खेड्यात आपण एक द्वाड हंस असतो. माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, त्याचे दाताळे तळ्यात नेऊन टाकायचे, तो खिळा ठोकत असताना नेमके ओरडून त्याच्याच अंगठ्यावर हातोडी पडू द्यायची, अशी कामे. चोचीत धरणे, मान खाली घालणे, पंख फडफडवणे, ओरडणे, अशी मोजकीच बटणे. ओरडण्याचे बटण बहुतेक वेळा काही उपयोगाचे नसते, आणि तरी खेळणारे ते सारखे दाबतात, कारण आजूबाजूची माणसे दचकतात, वळून पाहतात, चिडतात. त्या माणसांच्या चेहऱ्यावर डोळेही नाहीत. त्यांचे सगळे मन त्यांच्या मानेच्या वळण्यात आणि खांद्यांच्या ताणात आहे. संगीत देबुसीच्या पियानोच्या रचनांवरून घेतलेले. डॅन गोल्डिंग यांनी त्या रचना हलक्या आणि जोमदार अशा दोन तऱ्हांनी वाजवून घेतल्या आणि त्यांचे छोटे छोटे तुकडे केले. हंस दबकत असला की हलके सूर, कुणी मागे लागले की जोमदार, आणि काहीच घडत नसेल तर शांतता. हे पार्श्वसंगीत नाही. तबलजी जसा नर्तकीच्या पावलांकडे डोळे लावून बसतो, तसे हे सूर हंसाकडे पाहत बसलेले आहेत. म्हणजे आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा मोडत नाही. चित्र आणि सूर लोभस होतात ते उत्तर देऊ लागल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि पालक तो नेहमी घेतात: ही गोडी म्हणजेच आमिष नव्हे का? काही वेळा तसेच असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2009 साली फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये गोंडस गाई होत्या, रंगीत शेते होती. खेळणाऱ्याचे काम मात्र टिचकी मारणे आणि वाट पाहणे एवढेच. वेळेवर परत आला नाहीत तर उभे पीक वाळून जाई, आणि काम लवकर उरकायचे तर मित्रांना बोलवा किंवा पैसे भरा. याच प्रकारावर टीका म्हणून गेमचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी 2010 साली ‘काउ क्लिकर’ नावाचा गेम केला: समोर एक गाय, दर सहा तासांनी तिच्यावर एक टिचकी, बस्स. विडंबन म्हणून केलेला तो गेम हजारो माणसे मनापासून खेळू लागली. पुढच्या वर्षी बोगोस्ट यांनी सगळ्या गाई नाहीशा केल्या, तरी काहीजण त्या रिकाम्या जागेवर टिचक्या मारत राहिले. माझ्या म्हणण्याला हे उदाहरण अडचणीचे आहे, कारण इथे उत्तर जवळपास शून्य होते. पण त्या कुरणात खेळणाऱ्यांना एकमेकांची सोबत मिळाली होती. त्यांनी आपापसांत विनोद केले, ओळखी केल्या. जिव्हाळा होता तो माणसांचा, आणि गेमने तो फक्त एका ठिकाणी आणला. अशा जिव्हाळ्याचे श्रेय गाईच्या चित्राला देऊन धंदा करणारे गेम आहेत, आणि पालकांची शंका त्यांच्याबाबत अगदी योग्य आहे.

मग प्राण्यांच्या शेजारात घर करून राहण्याच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या गेमचे काय? तोही खऱ्या घड्याळावर चालतो, तिथेही रोज जावेसे वाटते, आणि 2020 च्या मार्चमध्ये, जग घरात कोंडले जात असताना आलेल्या ‘न्यू होरायझन्स’च्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. फरक तपशिलात आहे. त्याचे रचनाकार कात्सुया एगुची निन्टेन्डोत कामाला लागले तेव्हा चिबा सोडून क्योतोला आले आणि घरच्यांपासून दूरच्या एकटेपणातून त्यांना या गेमची कल्पना सुचली. इथे घरासाठी कर्ज घ्यावे लागते, पण त्याला व्याज नाही आणि मुदतही नाही. महिनाभर गेला नाहीत तर अंगणात तण माजते आणि शेजारी विचारपूस करतात. कमावलेले जात नाही. संग्रहालयाचे काम पाहणारे घुबड किड्यांना घाबरते, तरी आपण आणलेला किडा नाक मुरडत स्वीकारते आणि त्याची माहिती सांगते. हत्यारे पुन्हा पुन्हा मोडतात, एकेक वस्तू बनवताना तेच तेच संवाद वाचावे लागतात, हे या गेमचे दोष आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. पण गैरहजेरीला शिक्षा करणारा गेम आणि गैरहजेरीची चौकशी करणारा गेम यांत मोठे अंतर आहे. पालकांनी चित्र न पाहता हे अंतर पाहावे.

तिसरा आक्षेप उथळपणाचा: हे सगळे हलकेफुलके, मग त्यात गंभीरपणे घेण्यासारखे काय? याला एका छोट्या गेमचे उत्तर देतो. कॅनडातल्या ॲडम रॉबिन्सन-यू यांच्या ‘अ शॉर्ट हाइक’मध्ये क्लेअर नावाची पक्षीण मावशीकडे सुट्टीला आली आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची आहे आणि फोनला रेंज मिळते ती फक्त डोंगराच्या माथ्यावर. चढायला बळ हवे, ते सोनेरी पिसांतून मिळते. जितकी पिसे जास्त, तितके चढणे लांब. माथा गाठण्याची घाई कुणी करत नाही, वाटेत मासे पकडा, कुणाची हरवलेली वस्तू शोधा. दोन-तीन तासांत संपणाऱ्या या गेममध्ये मनातली काळजी बोलून दाखवण्यापेक्षा ती पायांखाली घातली आहे: चढताना दमणे आणि उतरताना पंख पसरून तरंगणे यांतच क्लेअरचे मन कळते. 2020 साली त्याला स्वतंत्र गेमच्या महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

हाच विचार आपल्या मातीतल्या गेमला लावून पाहावा. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 साली ‘राजी’ आणला. भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी, तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ, राजस्थानी धाटणीचे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. चित्र म्हणून तो अभिमान वाटावा असा आहे. पण लढाईत त्रिशूळ हाताला हवे तसे उत्तर देत नाही; राक्षस एकामागून एक येतात, त्यांच्यात पॅकमॅनच्या भुतांइतकाही स्वभाव जाणवत नाही, आणि मनात महाल राहतात, राजी तितकी राहत नाही. याच्या शेजारी टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’चा 2023 मधला ‘वेंबा’ ठेवा. कॅनडात येऊन राहिलेल्या वेंबा या तमिळ बाईच्या कुटुंबाची गोष्ट, आणि खेळायचे काय, तर स्वयंपाक. आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली. इडली करायची तर पुसलेल्या ओळींतले आपणच ओळखायचे, पात्रातल्या थाळ्या कशा रचायच्या ते वाफेचा विचार करून ठरवायचे. चुकले तर वेंबा पुन्हा सुरू करू देते. मुलगा मोठा होऊन दुरावतो, भाषा विसरतो, आणि ते दुःखही अखेर त्याच वहीपाशी, त्याच भांड्यांपाशी येते. राजीच्या महालांत जितकी मेहनत आहे तितकी कदाचित वेंबाच्या स्वयंपाकघरात नसेल. पण वेंबाची कढई आपण स्वतः ढवळलेली असते.